पवनचक्क्या यायच्या आधी माळावरचे पक्षी मोजायचे कसे?

प्रश्न थोडक्यात असा: "जत तालुक्यात आमच्या गावाशेजारचा माळ आणि त्यामागची डोंगरधार इथे पवनचक्क्यांचा प्रकल्प येणार आहे. वारा मोजायचा मनोरा उभा राहिला आहे. आम्ही चौघं हौशी पक्षीनिरीक्षक आहोत. गेल्या तीन हिवाळ्यांत १४२ जातींची यादी केली आहे. पाऊस संपल्यावर स्थलांतर करून येणाऱ्या पक्ष्यांना धोका आहे हे दाखवायला ही यादी पुरेल का? नसेल तर या हंगामात नेमकं काय करावं? आम्हाला शनिवार-रविवारच मोकळे असतात."

यादी पुरणार नाही. पण टाकूनही देऊ नका, तिचा उपयोग कुठे होतो ते पुढे सांगते.

मी गेली १६ वर्षं हेच काम करते. सातारा, सांगली, धाराशिव, मधली काही वर्षं कच्छ. तुमच्यासारख्या याद्या मी बऱ्याच बैठकांत टेबलावर पाहिल्या आहेत. पहिलं पान उलटलं जातं आणि समोरचा इंजिनिअर अगदी नम्रपणे विचारतो, "ताई, यातले पात्यांच्या उंचीवर किती उडतात?" मग सगळे एकमेकांकडे बघतात. यादीत माळटिटवीला एक ओळ आणि स्टेप गरुडाला एक ओळ. टिटवी जमिनीलगत फिरते, गरुड तासन् तास नेमका पात्यांच्या पट्ट्यात घिरट्या घालतो. यादीला हा फरक कळत नाही. एखादी जात तीन वर्षांत एकदाच दिसली की रोज सकाळी दिसते, हेही त्यातून कळत नाही.

म्हणजे तुमचा खरा प्रश्न "इथे कोणते पक्षी आहेत" हा नाही. या धारेवरच्या हवेतून, कोणत्या उंचीवर, कोणत्या वाऱ्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी, कोणता पक्षी किती वेळ उडतो, हे तुम्हाला हवं आहे. आपल्याला झाडं-झुडपं आणि पाणवठे धुंडाळायची सवय असते. इथे रिकाम्या आकाशाकडे बघत बसायचं आहे आणि बराचसा वेळ त्यात काहीच नसणार आहे. माझ्याबरोबर आलेले निम्मे हौशी लोक दुसऱ्या रविवारी येत नाहीत, त्याचं कारण हेच.

आधी यंत्राचं माप मिळवा

किती धोका आहे हे बरंचसं यंत्राच्या आकारावर ठरतं, त्यामुळे तिथूनच सुरुवात करा. पवनचक्कीच्या मनोऱ्याची उंची किती आणि पात्यांच्या घेराचा व्यास किती, एवढे दोन आकडे हवेत. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर पंचवीसेक वर्षांपूर्वी बसवलेली यंत्रं आजच्या मानाने लहान, त्यांचा घेर जमिनीच्या बराच जवळ. आता उभी राहणारी यंत्रं थोराड असतात. समजा मनोरा १४० मीटरचा आणि घेर १४० मीटरचा असेल, तर पाती जमिनीपासून ७० मीटरवर सुरू होतात आणि २१० मीटरपर्यंत पोचतात. तुमचा धोक्याचा पट्टा तो. आकडे मिळाले नाहीत तर ४० ते २२० मीटर असा सैल पट्टा धरा आणि नोंदी बारीक टप्प्यांत ठेवा, म्हणजे नंतर खरं माप कळल्यावर पुन्हा हिशेब करता येतो.

या एका गोष्टीने चित्र कसं पालटतं बघा. भोवत्या (हॅरियर) हा शिकारी पक्षी, मग तो माँटेग्यूचा असो की पांढुरका, शिकार करताना गवतावरून दहा-वीस मीटरच्या आतच तरंगत जातो. मोठ्या यंत्रांखालून तो बहुतेक वेळा सुखरूप निघून जाईल, जुन्या लहान यंत्रांत त्याचा धोका वाढतो. स्टेप गरुडाचं उलट. अकरा वाजता जमीन तापली की तो वर चढायला लागतो आणि नेमका शंभर-दोनशे मीटरच्या टप्प्यात रेंगाळतो. तो २०१५पासून जागतिक पातळीवर संकटग्रस्त जातींत गणला जातो, त्यामुळे तुमच्या नोंदींत त्याचं वजन जास्त. खरूची, म्हणजे एक लहान ससाणा, हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबते. ती सहसा कमी उंचीवर असते, पण धारेच्या कडेला वारा वर येतो तिथे ती वरही जाते.

हंगाम कधीपासून कधीपर्यंत

आपल्याकडे शरद ऋतूतलं स्थलांतर एका झटक्यात होत नाही. पुण्या-मुंबईतून मोसमी पाऊस सरासरीने ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास माघार घेतो, पण पक्षी त्याची वाट बघत नाहीत. भोरड्या ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच थव्याने दिसायला लागतात, ज्वारी-बाजरीवाल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. चातक याच सुमारास परतीला लागलेला असतो. भोवत्ये सप्टेंबरअखेरीपासून, गरुड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. अमूर ससाणे सगळ्यात शेवटी. नागालँडच्या दोयांग जलाशयावर ते लाखांनी जमतात, तिथून नोव्हेंबरमध्ये निघून भारताचं द्वीपकल्प आडवं ओलांडतात आणि पुढे अरबी समुद्रावरून थेट सोमालियाकडे. २०१३मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने त्यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले, तेव्हा हा मार्ग महाराष्ट्रावरून जातो हे नकाशावर दिसलं. म्हणून तुमच्या भागासाठी मी १५ सप्टेंबर ते १५ डिसेंबर हा काळ धरेन. नवरात्र ते दिवाळी एवढंच केलंत तर सुरुवात आणि शेवट दोन्ही हुकतील.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे भले भले चुकतात. जाणारा पक्षी आणि राहणारा पक्षी यांचा धोका वेगळ्या तऱ्हेने मोजायचा असतो. दोनशे अमूर ससाणे एका दुपारी धार ओलांडून गेले तर फोटो छान येतात, पण प्रत्येकाने ती हवा एकदाच ओलांडली. एक खरूची हिवाळाभर त्याच कड्यावर राहिली तर तीन महिन्यांत ती शेकडो वेळा त्याच जागेतून जाते. यंत्राच्या दृष्टीने दोनशे वेगळे पक्षी आणि दोनशे वेळा आलेला एकच पक्षी यात फारसा फरक नाही. म्हणून आपण पक्षी मोजत नाही, उड्डाणं मोजतो, आणि त्याहून चांगलं म्हणजे उड्डाणाचे सेकंद मोजतो.

बसायचं कुठे

आमच्या कामात याला व्हँटेज पॉइंट म्हणतात, आपण टेहळणीची जागा म्हणू. जगभर बऱ्याच ठिकाणी वापरली जाणारी पद्धत स्कॉटलंडच्या निसर्गसंस्थेच्या मार्गदर्शिकेतून आली आहे. एका जागी बसायचं, समोरचं १८० अंशांचं अर्धवर्तुळ, दोन किलोमीटरपर्यंत नजर, एका बैठकीत जास्तीत जास्त तीन तास, आणि एका हंगामात प्रत्येक जागी किमान ३६ तास. दोन किलोमीटरच्या अर्धवर्तुळात साधारण ६२८ हेक्टर जागा येते. भोवत्यासारखा पक्षी दोन किलोमीटरवर ओळखणं मला तरी जड जातं. त्यामुळे मी मोठ्या पक्ष्यांसाठी दोन आणि लहान शिकारी पक्ष्यांसाठी एक किलोमीटर अशा वेगळ्या नोंदी ठेवते.

किती जागा लागतील हे जमिनीवर अवलंबून आहे. सपाट माळ असेल तर दोन पुरतात, धार वळणावळणाची असेल तर चारही कमी पडतात. नियम एवढाच की जिथे यंत्र उभं राहणार तिथल्या धोक्याच्या पट्ट्यातली हवा कुठून तरी दिसली पाहिजे. जमीन दिसली नाही तरी चालेल.

माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या काळात एका पठारावर मी धारेवरच्या देवळाच्या ओट्यावर जागा धरली. सावली होती, वारा होता, पुजारीबुवा चहा पाजायचे. दीड महिन्यात गरुडाची नऊ उड्डाणं. अहवालात "कमी वापर" असं लिहायच्या बेतात होते. तेवढ्यात एका मेंढपाळाने विचारलं, "बाई, तुम्ही हितं का बसताय? गिरक्या मारणारी समदी खालच्या अंगानं जात्यात." मी उगवतीकडच्या उतारावर उतरले आणि एका दुपारीच अकरा उड्डाणं मिळाली. कारण साधं होतं. पाऊस गेल्यावर आपल्या पठारावर वारा पूर्व आणि ईशान्येकडून यायला लागतो. तो उतारावर आपटतो आणि वर चढतो, आणि पक्षी त्या चढत्या वाऱ्यावर फुकटात तरंगत जातात. मी धारेच्या माथ्यावर बसून मावळतीकडे बघत होते. शिवाय माथ्यावर माणूस बसला की गरुड वाट वाकडी करतो, हेही मला तेव्हा सुचलं नव्हतं.

तेव्हा धारेच्या डोक्यावर बसू नका. पाचशे मीटर ते किलोमीटरभर लांब, जिथून धार आडवी दिसेल आणि पक्षी आकाशाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसतील, तिथे बसा. सूर्य पाठीशी हवा. पूर्वेचा उतार बघायचा असेल तर ती बैठक सकाळी ठेवा. उत्तरेकडे तोंड करून बसता येईल अशी जागा मिळाली तर भाग्यच, दिवसभर डोळ्यावर ऊन येत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी हवा थरथरते, त्यामुळे लांबच्या नोंदी मी दीड ते तीनच्या दरम्यान जपूनच धरते.

कागदावर काय उतरवायचं

दोघांची जोडी करा. एक बघणार, एक लिहिणार, अर्ध्या तासाने अदलाबदल. आधी नुसत्या डोळ्यांनी, मग दुर्बिणीने समोरचं आकाश सावकाश डावीकडून उजवीकडे पिंजून काढायचं. ठरवलेल्या जातींपैकी पक्षी दिसला की तो दिसेनासा होईपर्यंत सोडायचा नाही. दर १५ सेकंदांना उंचीचा टप्पा बोलायचा, लिहिणाऱ्याने तो टिपायचा, आणि नकाशावर उड्डाणाची रेघ काढायची. ठरवलेल्या जाती म्हणजे सगळ्या १४२ नव्हेत. तुमच्याकडे गरुड, भोवत्ये, सापमार गरुड, तीसा, खरूची, ससाणे, गिधाडं, करकोचे एवढंच पुरे. घारी आणि भोरड्या दर पाच मिनिटांनी एकदा ढोबळ आकड्यात लिहा, नाहीतर घारीच्या नादात गरुड निसटतो.

उंचीचा अंदाज हा या कामातला सगळ्यात कच्चा दुवा आहे, आणि तो कच्चा आहे हे कबूल केलेलं बरं. निळ्या आकाशात ८० आणि १२० मीटरमधला फरक कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. पण डोळा तयार करता येतो. तुमच्याकडे वारा मोजायचा मनोरा उभा आहे, त्याची उंची विचारून घ्या, त्यापेक्षा चांगली मोजपट्टी नाही. शेजारचा मोबाइल टॉवर ही दुसरी. कुणाकडे कोन दाखवणारं लेझर अंतरमापक असेल तर घारींवर सराव करा. घार कंटाळत नाही. आणि चौघांनी एकाच पक्ष्याची उंची वेगवेगळ्या कागदांवर लिहून मग ताडून बघा. पहिल्या दिवशी आपापसातला फरक बघून हसू येईल, महिन्याभरात तो बराच कमी होतो. या सरावाचे कागदही जपून ठेवा. तुमच्या मोजणीत चूक किती असू शकते हे तुम्ही स्वतःच दाखवलंत तर समोरच्याला बोट दाखवायला जागा उरत नाही.

आणि शून्य लिहा. तीन तास बसलात आणि एकही पक्षी आला नाही, तर तो दिवस वाया गेला असं समजून कागद फाडू नका. ताशी प्रमाण काढताना शून्याचे तासच छेदात येतात. हौशी नोंदींत नेहमी हेच गायब असतं. चांगल्या दिवसांचंच वर्णन उरतं आणि मग धोका चौपट वाटतो. वाऱ्याची दिशा, अंदाजे वेग, ढग, धुकं, किती लांबपर्यंत स्पष्ट दिसतंय, हे दर तासाला. पुढे कधी "अमुक वाऱ्यात यंत्र थांबवा" असं म्हणायची वेळ आली तर या रकान्यांवाचून बोलताच येणार नाही.

शनिवार-रविवारचं गणित

तुमच्या वेळेत हे बसतं का? १५ सप्टेंबर ते १५ डिसेंबर म्हणजे १३ आठवडे, २६ सुट्टीचे दिवस. दोन जोड्या, प्रत्येक जोडीने दिवसाला तीन-तीन तासांच्या दोन बैठका. चार जागा धरल्या तर प्रत्येक जागेला दिवसाला एक बैठक, म्हणजे ७८ तास. लग्न, परीक्षा, पाऊस, दिवाळीचा फराळ यात निम्मे दिवस गेले तरी ३९ तास उरतात. किमान अट ३६ची. म्हणजे जमतं.

अडचण वेगळी आहे. स्थलांतर झटक्याझटक्याने होतं. अमूर ससाण्यांची लाट मंगळवारी येऊन गुरुवारी संपली तर तुमच्या कागदावर तिचा मागमूस नसेल. कुणी फोन केला की "आज प्रचंड आलेत" म्हणून रजा टाकून धावत जायचा मोह होतो. जरूर जा, डोळे भरून बघा, पण त्या नोंदी वेगळ्या वहीत. ठरलेल्या वेळापत्रकाच्या आकड्यांत त्या मिसळल्या की सगळी सरासरी फुगते. गावातल्या एखाद्या शिक्षकाला किंवा कॉलेजच्या पोराला आठवड्यातला एक मधला दिवस देता आला तर मात्र सोनं होईल.

आता आकडे आले की काय करायचं ते मनातल्या आकड्यांनी बघू. समजा एका जागेवर ३६ तासांत भोवत्यांची ४० उड्डाणं दिसली, त्यातली तीन धोक्याच्या पट्ट्यात, मिळून ९० सेकंद. स्टेप गरुडाची सहाच उड्डाणं, पण पाच पट्ट्यात आणि मिळून ६०० सेकंद. यादी बघणारा म्हणेल, भोवत्ये जास्त आहेत. सेकंद बघणारा म्हणेल, काळजी गरुडाची करा. या सेकंदांवरून वर्षाला किती पक्षी आदळतील असा अंदाज काढायचं एक गणित आहे, ब्रिटनमधल्या बिल बँड यांच्या नावाने ते ओळखलं जातं. कंपनीचा सल्लागार तेच वापरेल. त्यातली मेख माहीत असू द्या. पक्षी पाती चुकवतात, म्हणून शेवटी "किती टक्के चुकवत नाहीत" या आकड्याने गुणलं जातं. ९८ टक्के चुकवतात धरलं तर दोन टक्के आदळतात, ९९ धरलं तर एक. म्हणजे एका टक्क्याच्या गृहीतकाने मृत्यूंचा आकडा थेट निम्मा होतो. आपल्याकडच्या बहुतेक जातींसाठी हा टक्का कुणी इथे मोजलेला नाही, परदेशातल्या आकड्यांवर काम चालतं. त्यामुळे वर्षाला ०.८ की १.६ गरुड यावर भांडू नका. त्याच गणिताने सात क्रमांकाच्या यंत्राची जागा बारा क्रमांकाच्या जागेपेक्षा किती पट वाईट आहे, हे विचारा. तिथे गृहीतक दोन्हीकडे सारखंच असतं, त्यामुळे तुलना टिकते.

संध्याकाळ आणि रात्र

मला तुमच्या हंगामातल्या दोनच संध्याकाळी मिळाल्या तर मी त्या भोवत्यांचा रातथारा शोधायला वापरेन. हे पक्षी दिवसभर विखुरतात आणि सूर्यास्ताच्या आसपास उंच गवताच्या एखाद्या पट्ट्यात जमिनीवर एकत्र उतरतात. गुजरातेत वेळावदरच्या काळवीट राष्ट्रीय उद्यानातला त्यांचा रातथारा जगात नावाजलेला आहे. आपल्याकडच्या माळांवरही दहा-वीस-पन्नास पक्ष्यांचे लहान रातथारे असतात. दिवसा जमिनीलगत उडणारा भोवत्या इथे उतरण्याआधी वर चढून घिरट्या घालतो, तेही अंधुक उजेडात. म्हणजे त्याचा "कमी उंचीवर उडतो" हा बचाव नेमका इथे गळून पडतो. यंत्राची एखादी रांग रातथाऱ्याशेजारी आली तर ३६ तासांच्या दिवसा केलेल्या टेहळणीत ते दिसणारच नाही. शोधायचा कसा? मेंढपाळांना विचारा. रात्री माळावर वाडा बसवणाऱ्या माणसाला गवतातून अचानक काय उडतं हे ठाऊक असतं. सापडला की अचूक जागा समाजमाध्यमांवर टाकू नका.

रात्रीचं स्थलांतर हा आपल्या सगळ्यांच्या कामातला अंधारा कोपरा आहे. वटवटे, लावे, पाणथळीचे कितीतरी पक्षी रात्री प्रवास करतात. रडार तुमच्या आवाक्यात नाही, माझ्याही फार वेळा नसतो. ध्वनिमुद्रक रात्रभर लावून ठेवता येतो, पण मुकाट जाणारा पक्षी त्यात येत नाही. एक जुनी, बिनखर्चाची युक्ती आहे. पौर्णिमेच्या आसपास चंद्र वर आला की स्पॉटिंग स्कोप थेट त्याच्यावर लावायचा आणि बिंबावरून सरकणाऱ्या काळ्या आकृत्या मोजायच्या. कोजागरी बरोबर या हंगामात येते. दूध आटेपर्यंत आळीपाळीने डोळा लावून बसा, तास आणि संख्या लिहा. पुढची त्रिपुरारी पौर्णिमाही सोडू नका. यातून धोक्याचा आकडा मिळणार नाही. या धारेवरून रात्री वाहतूक आहे की नाही, आणि साधारण कोणत्या दिशेला, एवढं कळेल. धुक्याच्या रात्री दिव्यांकडे पक्षी ओढले जातात, म्हणून यंत्रांवरच्या दिव्यांचा मुद्दा काढायला तेवढंही पुरतं. वटवाघळांसाठी वेगळी उपकरणं आणि वेगळी माणसं लागतात, तो विषय इथे काढत नाही.

शेजारचा माळही मोजा

पाच-दहा किलोमीटरवर असाच एखादा माळ आणि धार बघा, जिथे प्रकल्प येणार नाही. तिथे एक टेहळणीची जागा ठेवा आणि तेच वेळापत्रक पाळा. चार जागांतली एक त्यासाठी गेली तरी चालेल. कारण पवनचक्क्यांचं नुकसान नुसत्या मेलेल्या पक्ष्यांत दिसत नाही. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर मारिया ठाकर, आमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी केलेला अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्ष्यांचं प्रमाण जवळपास चारपटीने कमी होतं. शिकारी कमी झाले म्हणून तिथल्या पंखगळ्या सरड्यांची संख्या वाढली होती आणि ते सरडे माणसाला कमी बिचकत होते. पक्षी आदळून मेले नाहीत, तर तिथे यायचे थांबले, अशीही गोष्ट घडू शकते. दोन वर्षांनी तुमच्या माळावर भोवत्ये कमी दिसले तर तो पवनचक्क्यांचा परिणाम की दुष्काळाचा, हे शेजारच्या माळाच्या आकड्यांशिवाय सांगता येणार नाही. शक्य असेल तर यंत्रं उभी राहण्याआधी दोन हंगाम मिळवा. जत-आटपाडीकडे एक वर्ष दुसऱ्यासारखं नसतं.

मेलेल्या पक्ष्यांबद्दल एक सावधगिरी. "हजारो पक्षी मरतील" असं आत्ता कुठेही बोलू नका. कच्छच्या सामखियाळी भागात तीन वर्षं यंत्रांखाली शोध घेतला गेला, तिथे किमान ११ जातींचे ४७ मृत पक्षी मिळाले. कुत्र्या-कोल्ह्यांनी नेलेले आणि शोधताना नजरेतून सुटलेले हिशेबात धरून वर्षाला एका यंत्रामागे साधारण अर्धा पक्षी असा अंदाज निघाला. आकडा लहान दिसतो. पण शंभर यंत्रं वीस वर्षं फिरणार असतील आणि त्या अर्ध्यात सावकाश वाढणारे, वर्षाला एक-दोन पिल्लं काढणारे गरुड असतील तर तो लहान राहत नाही. तेवढंच म्हणा, ते खरं आहे. आणि वीज बाहेर नेणाऱ्या तारांची वाट कुठून जाते तेही विचारा. माळढोकासारख्या जड पक्ष्याला पात्यांपेक्षा तारांनी जास्त मारलं आहे, आणि माळढोकाचा नान्नजचा माळ तुमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातच आहे.

हे सगळं द्यायचं कुणाला

पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २००६च्या अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा नाही. त्यामुळे औष्णिक प्रकल्पासारखी जनसुनावणी होईल या भरवशावर बसू नका. वनजमीन लागत असेल तर वन विभागाची परवानगी लागते, तिथे तुमची माहिती लेखी देता येते. प्रकल्पाला परदेशी कर्ज असेल तर बहुतेक कर्ज देणाऱ्या संस्था आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाचं जैवविविधतेचं सहावं मानक लावतात, आणि मग कंपनीला असा अभ्यास करावाच लागतो. तिच्या सल्लागाराला तुमचे आकडे हवे असतात, कारण तो स्वतः बहुधा दोनदा येऊन जातो. आणि ती १४२ जातींची यादी? ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे जा आणि लोकजैवविविधता नोंदवहीत ती घालायला सांगा. २००२च्या कायद्याने ही समिती असायलाच हवी. नोंदवहीत गेलेल्या यादीची सरकारदरबारी थोडी तरी दखल घेतली जाते.

मागायचं काय हेही आधीच ठरवू नका, आकडे येऊ द्या. बऱ्याचदा पूर्ण प्रकल्पाऐवजी धारेच्या काठावरची तीन-चार यंत्रं शंभर-दोनशे मीटर आत सरकवून बराच धोका कमी होतो, आणि कंपनी त्याला आराखडा गोठायच्या आधी तयार होते, नंतर नाही. दुसरा उपाय ठरावीक वेळी यंत्र थांबवण्याचा. स्पेनमध्ये तारिफाजवळ, युरोपातले पक्षी शरदात आफ्रिकेकडे समुद्र ओलांडतात तिथे, निरीक्षकांनी धोका दिसताच यंत्रं थांबवायला सुरुवात केली. ग्रिफन गिधाडांचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले आणि वर्षाची वीज घटली फक्त ०.०७ टक्के. हा आकडा मी प्रत्येक बैठकीत काढते. पण असं काही मागायचं तर कोणत्या आठवड्यात, किती वाजता, कोणत्या वाऱ्यात थांबवायचं हे सांगता आलं पाहिजे, आणि ते तुमच्या कागदांतूनच येणार.

यातून "इथे फारसा धोका नाही" असंही निघू शकतं. माझ्या कामात दोनदा तसं निघालं आहे आणि मी तसंच लिहिलं आहे. एकदा गावातली मंडळी माझ्यावर रुसली. तुमच्या चौघांत यावर आधीच बोलून घ्या.

ऑगस्टअखेरीस एक फेरी मारा. तेव्हा गवत कमरेइतकं असतं आणि नकाशावर मोकळी वाटलेली जागा बसल्यावर काहीच दाखवत नाही असं लक्षात येतं. चारही जागांवरून मोबाइलने डावीकडून उजवीकडे पूर्ण फोटोपट्टी घ्या, त्यावर मनोऱ्याची उंची आखा आणि ती छापून प्रत्येक बैठकीला मांडीवर ठेवा. पहिला शनिवार मोजणीत धरू नका, तो फक्त घारींवर हात बसवायला. पाण्याचे दोन कॅन, छत्री आणि घोंगडी न्या. जतच्या माळावर ऑक्टोबरची दुपार तापते आणि नोव्हेंबरची पहाट बोचते.